सर, माणसं वाढतायत, मग एवढं मोठं विमान बनवायचं बंद का केलं?

वाळव्याचे सर

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यात एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो. दिवाळीच्या सुट्टीत आईला घेऊन दुबईला धाकट्या भावाकडे जाऊन आलो. आईचा आणि माझाही पहिलाच विमानप्रवास, आणि नेमकं ए३८० मिळालं, दुमजली. आईची जागा खिडकीशी, पंखाच्या जरा मागे. बराच वेळ बाहेर बघून ती म्हणाली, "ह्यो पंख हाय का वावर?"

परत आल्यावर आठवीच्या वर्गात फोटो दाखवले. एअरबस कंपनीने हे विमान बनवणं थांबवायचं २०१९ च्या फेब्रुवारीत जाहीर केलं, शेवटचं २०२१ च्या डिसेंबरात दुबईच्या एमिरेट्स कंपनीला दिलं, एकूण २५१ बनली, हेही सांगितलं. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, माणसं तर वाढतायत. मग मोठं विमान बंद का केलं?"

मला उत्तर देता आलं नाही. चार इंजिनं आहेत, इंधन जास्त लागतं एवढं वाचलंय, पण त्याने माझंच समाधान होत नाही. आम्ही गेलो तेव्हा एक खुर्ची रिकामी नव्हती. भरलेली एसटी तोट्यात जात नाही, मग भरलेलं विमान का जावं? आणि असं विमान पुन्हा कधी बनेल का? पोरांना समजेल असं पण खरं उत्तर हवंय.

देरा दुबईकर

सर, दिवाळीत भरलेलं असणारच. मला इथे १६ वर्षं झाली. दिवाळी, मे महिना, डिसेंबरचा शेवट या दिवसांत कुठलंही विमान भरतं. मागे एकदा फेब्रुवारीत, मंगळवारी, घरात तातडीचं काम निघालं म्हणून मुंबईला आलो होतो. त्याच ए३८० मध्ये खालच्या मजल्यावर मधल्या चार खुर्च्यांच्या रांगेत मी एकटा. मधले हात वर केले आणि आडवा होऊन झोपलो. तिकीट दिवाळीच्या निम्म्याहून कमी पडलं होतं. विमान तेच, इंधन जवळपास तेवढंच, माणसं अर्धी.

पार्लेकरीण

सर, त्या मुलीला आधी माझी शाबासकी सांगा. हाच प्रश्न पंचवीस वर्षांपूर्वी एअरबस आणि बोइंग दोघांपुढे होता आणि दोघांनी उलट उत्तरं काढली. एअरबसचं म्हणणं, माणसं वाढतील पण विमानतळांना जागा वाढणार नाही, म्हणून विमान मोठं हवं. वीस वर्षांत अशी हजाराहून जास्त लागतील असा त्यांचा अंदाज होता. बोइंगचं म्हणणं, माणसं वाढतील, पण त्यांना मध्ये कुठे न उतरता थेट आपल्या गावी जायचं असेल. झाली २५१, आणि त्यातली १२३ एकट्या एमिरेट्सने घेतली.

मी मुंबई विमानतळावर ग्राउंड हँडलिंगमध्ये ३१ वर्षं काढली, शेवटची २२ लोड कंट्रोलमध्ये. विमानात किती माणसं, किती बॅगा, किती कार्गो, कुठल्या होल्डमध्ये (विमानाच्या पोटातल्या मालाच्या कप्प्यात) काय, आणि सगळं भरल्यावर तोल कुठे पडतो, हा हिशोब म्हणजे लोड कंट्रोल. त्या हिशोबाचा कागद म्हणजे लोडशीट, ती कॅप्टनने मान्य केल्याशिवाय विमान जागचं हलत नाही. त्यामुळे मी विमान खुर्च्यांवरून ओळखत नाही, पोटावरून ओळखते. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या पोटात आहे.

फळ्यावर हे गणित मांडा. एमिरेट्सच्या तीन वर्गांच्या ए३८० मध्ये ५१७ जण बसतात (काही विमानांत थोडे कमी). आखाती प्रवाशाच्या माणशी दोन बॅगा धरा, १,०३४ झाल्या. बॅगा एलडी३ नावाच्या ॲल्युमिनियमच्या कंटेनरमध्ये भरतात. विमानाचं पोट गोल असतं म्हणून त्याची एक बाजू खाली तिरकी कापलेली असते. एकात ३८ बॅगा धरा, म्हणजे लागले २८ कंटेनर. ए३८० मध्ये मावतात ३८. उरले १०.

आता बोइंगचं ७७७-३००ईआर, आम्ही ज्याला ट्रिपल सेव्हन म्हणतो. माणसं ३५४, बॅगा ७०८, कंटेनर १९. पण याच्या पोटात मावतात ४४! उरले २५. म्हणजे लहान विमानात माल अडीचपट. दोन मजले माणसांना दिले तरी मालाचा मजला एकच राहिला, त्यातही बॅगा दीडपट झाल्या.

ही उरलेली जागा फुकटची नसते. तिकिटाचा दर पडला तर विमान कार्गोवर तरतं. मुंबईहून आखातात रोज रात्री भेंडी, कारली, हिरवी मिरची, कढीपत्ता जातो, आणि एप्रिल-मेमध्ये हापूस. एका मे महिन्यात ए३८० ला बॅगा अंदाजापेक्षा फार जास्त आल्या आणि मला हापूसचं एक आख्खं पॅलेट (फळीवर जाळीने बांधलेला पेट्यांचा ढीग) खाली उतरवावं लागलं. माणसाची बॅग आधी, आंबा नंतर, नियमच आहे. रात्री अकराला रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी असतात तिथे, अजून धग होती. जाळीखाली पेट्या, आणि डिझेलच्या वासातून आंब्याचा वास येत होता. देवगडच्या एका बागेचा माल होता तो. दुसऱ्या दिवशी दुपारच्या ट्रिपल सेव्हनने गेला, पण पाडाला आलेल्या फळाला बारा-चौदा तास म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. तो निर्णय माझ्या सहीने झाला. आजही मे महिन्यात पेटी उघडली की तो पॅलेट डोळ्यांपुढे येतो.

दुसरं, तुमची एसटी. गणपतीत कोकणात जादा गाड्या सुटतात. गर्दी ओसरली की त्याच गाड्या दुसऱ्या मार्गाला लागतात. ए३८० ला दुसरा मार्ग शोधणंच अवघड. पंखांचा पसारा ७९.७५ मीटर, म्हणजे तेवढा रुंद बे (विमान उभं करायची जागा) हवा, तेवढी रुंद टॅक्सीवेची (धावपट्टीकडे जायच्या रस्त्याची) वळणं हवीत. वरच्या मजल्याच्या दाराला वेगळा एरोब्रिज हवा, जेवण चढवायला तिथवर पोचणारी उंच गाडी हवी, अग्निशमन सगळ्यात वरच्या दर्जाचं, दहाव्या श्रेणीचं हवं. भारतात तर २०१४ च्या जानेवारीपर्यंत याला नियमित सेवेची परवानगीच नव्हती. मग दिल्ली, मुंबई, बंगळूर, हैदराबाद एवढे चारच विमानतळ ठरले. सिंगापूर एअरलाइन्सचं ए३८० मेच्या अखेरीला मुंबईत सुरू झालं, एमिरेट्सचं जुलैत. ट्रिपल सेव्हन मात्र मुंबईला भरत नसेल तर उद्या चेन्नईला लावता येतं, परवा कोचीला. दुबईकरांनी सांगितलेला तो फेब्रुवारीचा मंगळवार ए३८० ला सोसावाच लागतो.

तिसरं, मोठं विमान बिघडलं की अडचणही मोठी. एकदा पहाटे दोनला एका कंपनीचं ए३८० (कुठल्या ते सांगणार नाही) दारं लावून निघायच्या तयारीत असताना एका इंजिनाच्या झडपेत दोष निघाला. सुटा भाग मुंबईत नव्हता, त्यांच्या पुढच्या फेरीने यायचा होता. पाचशेच्या जवळपास माणसं खाली उतरवली. ट्रिपल सेव्हन रद्द झालं तर अंधेरी-सहारच्या दोन-तीन हॉटेलांत निभावतं. त्या रात्री सात हॉटेलं लागली, शेवटची माणसं पहाटे साडेसहाला ठाण्याला पोचली. त्यात लंडनहून येऊन पुढे जाणारे परदेशी होते, त्यांच्याकडे भारताचा व्हिसा नव्हता, ते टर्मिनलमध्येच बाकांवर.

साताऱ्याकडच्या एक आजी होत्या. रक्तदाबाच्या गोळ्या चेक-इनच्या बॅगेत टाकलेल्या, मुलाचा फोन लागत नव्हता, आणि काउंटरवर सांगितलं की बॅगा सकाळशिवाय मिळणार नाहीत. मी त्यांच्या बोर्डिंग पासवरचा टॅग नंबर घेतला. तो टाकला की बॅग कुठल्या कंटेनरमध्ये गेली ते कळतं, आणि कंटेनर होल्डमध्ये कुठे आहे ते माझ्याच लोडशीटवर होतं: पुढचा होल्ड, दारापासून तिसरा. लोडरचा मुकादम म्हणाला, मॅडम, आधीचे दोन काढावे लागतील. काढले. मरून रंगाची, नायलॉनच्या दोरीने बांधलेली बॅग होती. आजींनी गोळी घेतली, मग विचारलं, "बाळा, तू जेवलीस का?" माझी ड्यूटी संपून दोन तास झाले होते.

म्हणून माझं मत सांगते. हे विमान वाईट नव्हतं. प्रवाशाला इतकं शांत विमान दुसरं नाही, २००६ मध्ये हॅम्बुर्गला ८७३ माणसं अंधारात, निम्म्याच दारांतून, ७८ सेकंदांत बाहेर काढून त्याने परीक्षा दिली होती. पण ते एकाच प्रकारच्या गावाला शोभतं: जिथे दोनशे ठिकाणची माणसं एका रात्रीत येऊन विमान बदलतात. दुबई तसं आहे, म्हणून तिथे १२३ खपली. मुंबईचा माणूस तसा नाही. त्याला मँचेस्टरला जायचं असेल तर मँचेस्टरलाच जायचंय, आणि जुलै २०२५ पासून इंडिगो त्याला मुंबईहून थेट नेऊ लागली, बोइंगच्या ड्रीमलायनर विमानाने. असा एकेक थेट मार्ग निघाला की दुबईच्या ए३८० मधल्या तीस-चाळीस खुर्च्या गेल्या. माणसं वाढली सर, पण ती वेगवेगळ्या वाटांनी वाढली. त्या मुलीला हे एक वाक्य आधी सांगा, मग कंटेनरचं गणित.

स्पॅनर नाशिक

ताई, पोटाचं गणित एवढं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. मी विमान देखभालीत आहे, पंखाचं आणि इंजिनाचं मी सांगतो.

सर, आईंचा अंदाज बरोबर आहे. ए३८० च्या पंखांचं क्षेत्रफळ ८४५ चौरस मीटर, म्हणजे आठ गुंठ्यांहून थोडं जास्त. दुखणं तिथेच आहे. हा पंख पुढे येणाऱ्या आणखी लांब विमानाचा विचार करून काढला होता. ते ए३८०-९०० कधी बनलंच नाही. कपडे वाढत्या अंगाचे शिवले आणि पोर वाढलंच नाही. रिकाम्या ए३८० चं वजन साधारण २७७ टन, ५१७ ने भागलं तर माणशी ५३५ किलो. ट्रिपल सेव्हन साधारण १६८ टन, ३५४ ने भागलं तर ४७५ किलो. म्हणजे प्रत्येक प्रवाशामागे ६० किलो जादा धातू रोज उडवायचा, जणू प्रत्येकाच्या मांडीवर आणखी एक माणूस.

इंजिनांची वेळही चुकली. ए३८० ची इंजिनं २००० च्या आगेमागे ठरली. २०११ मध्ये ड्रीमलायनर आलं ते पुढच्या पिढीची इंजिनं घेऊन, आणि तेही दोनच. एमिरेट्स नव्या इंजिनांचं ए३८० मागत होती, पण मुख्यतः एकाच गिऱ्हाइकासाठी तेवढा पैसा ओतायला कुणी धजावलं नाही. सेकंडहँड बाजारही उभा राहिला नाही. सिंगापूर एअरलाइन्सची सगळ्यात पहिली दोन विमानं जेमतेम दहा-अकरा वर्षांची असताना फ्रान्समध्ये तार्बला सुटी करून भागांनी विकली. विमानाच्या आयुष्यात दहा वर्षं म्हणजे तरुणपण. ते फोटो पाहिले तेव्हा मला जेवण गेलं नाही.

पुन्हा बनेल का, तर दुमजली मला दिसत नाही. पुढचं मोठं विमान बोइंगचं ७७७-९. पंख उघडे ७१.८ मीटर, पण जमिनीवर टोकं वर दुमडतात आणि ६४.८ मीटर होतात, म्हणजे आजच्या ट्रिपल सेव्हनच्याच बेवर मावतं. एअरबसने विमानतळाला वाढायला लावलं, बोइंगने पंख दुमडला. माझ्या लेखी सगळा धडा एवढाच आहे. एअर इंडियानेही २०२३ मध्ये अशी दहा मागवलीत. पण पहिलं उड्डाण २०२० च्या जानेवारीत होऊनही ते अजून प्रवाशांपर्यंत आलेलं नाही, आता २०२७ म्हणतायत.

वाळव्याचे सर

ताई, दादा, काय बोलू. काल दोन तास याच्यावरच गेले. कंटेनरचं गणित पोरांनी फळ्यावर केलं, आणि वर्गाबाहेर पटांगणावर दोरीने ऐंशी मीटर मोजले. दोरी शाळेच्या फाटकाबाहेर गेली.

आता त्याच मुलीचा पुढचा प्रश्न. कोविडमध्ये कंपन्यांनी ही विमानं नेऊन उभी केली होती, मग परत का काढली? आणि माझा एक: नवी मुंबईला आता विमानतळ झाला, तिथे ही उतरतील का?

पार्लेकरीण

दोरीचं वाचून डोळ्यांत पाणी आलं सर.

परत काढली कारण नवी विमानं वेळेवर आली नाहीत. वर सांगितलेलं ७७७-९ आधी २०२० मध्ये मिळायचं होतं. कोविडनंतर माणसं एकदम प्रवासाला निघाली, आणि स्पेनमध्ये तेरुएलच्या कोरड्या माळावर विमानं उभी होती. नवा ट्रॅक्टर यायला उशीर होतोय म्हटल्यावर शेतकरी गोठ्यातला जुनाच दुरुस्त करतो, त्याचे हप्ते फिटलेले असतात, फक्त डिझेल आणि दुरुस्ती बघायची. लुफ्थान्साने आणि एतिहादने २०२३ मध्ये अशीच परत काढली. एअर फ्रान्सने मात्र २०२० मध्ये आपली सगळी काढून टाकली, ती परत आली नाहीत. एमिरेट्स २०४० च्या आसपासपर्यंत चालवायचं म्हणते.

आणि एअरबसचं मूळ म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. लंडनच्या हीथ्रोला वर्षाला ४ लाख ८० हजार उड्डाणांची मर्यादा आहे, तिथे फेरी वाढवता येत नाही, विमानच मोठं करावं लागतं. आपल्या मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरतात, तेव्हा इथेही तेच. पण ए३८० च्या मागे हवेत एवढे भोवरे राहतात की मागून येणाऱ्या इंडिगोच्या ए३२० ला सात सागरी मैल अंतर ठेवावं लागतं, जवळजवळ तेरा किलोमीटर. ट्रिपल सेव्हनमागे पाच मैल पुरतात, दुसऱ्या ए३२० मागे तीनही चालतात. म्हणजे वाचवलेल्या जागेतली थोडी ते विमान स्वतःच खातं.

नवी मुंबईचं म्हणाल, तर ३,७०० मीटरच्या धावपट्टीवर ए३८० खुशाल उतरेल. पण मला वाटतं त्या विमानतळामुळे मुंबईला मोठ्या विमानाची गरज कमीच होईल. ते २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झालंय, दुसरी समांतर धावपट्टीही व्हायची आहे. फेऱ्यांना जागा मिळाली की एका ए३८० ऐवजी सकाळी एक आणि रात्री एक अशी दोन विमानं कुणीही लावेल, प्रवाशालाही वेळ निवडता येते. शिवाय भारत-दुबई करारात फेऱ्या नाही, खुर्च्या मोजतात, आठवड्याला प्रत्येक बाजूच्या कंपन्यांना साधारण ६५ हजार. तो आकडा वाढवला नाही तोवर विमान केवढंही आणा, खुर्च्या तेवढ्याच. आमच्या ऑफिसात नवीन आलेल्या मुलांनाही हे लवकर समजत नसे, तुमची आठवी समजून घेईल.

आणखी एक. माझ्याकडे जम्बोची, म्हणजे ७४७ ची, एक कोरी लोडशीट जपून ठेवलेली आहे, आम्ही हाताने भरायचो तेव्हाची. खाली तोलाचा तक्ता आहे, त्यावर पेन्सिलीने रेघ ओढत जायचं: पुढे माणसं बसली की रेघ डावीकडे, मागे बॅगा भरल्या की उजवीकडे, आणि शेवटी ती चौकटीत पडली पाहिजे. तिच्या दहा झेरॉक्स काढून मूळ कागदासकट पोस्टाने पाठवते. शाळेचा पत्ता मला खासगी निरोपात टाका. पोरांना सांगा, पेन्सिल टोकदार हवी, रेघ जाड झाली की अर्धा टन इकडचा तिकडे होतो.